उतरलेला कान

"वृषाली, हात लाव जरा इथे. बंद करून ठेवलंय, तरी तापलंय हे."

पाळणाघराच्या दारात द्वारकामावशींनी जुईच्या कानामागच्या यंत्राची डबी पुढे केली, तेव्हा वृषाली फिरकेच्या एका हातात स्कूटरची किल्ली होती, दुसऱ्या हातात जुईचा खाऊचा डबा, आणि खांद्यावर झोपेतून उठलेली जुई. हात लावायला तिसरा हात नव्हता आणि असता तरी तिने लावला असता की नाही, कोण जाणे.

"मावशी, एप्रिल आहे. जळगावात आत्ता उंबरठासुद्धा तापतो."

"उंबऱ्यावर ऊन पडतं वं माय. डबी तर माझ्या कपाटात होती. पोरगी निजली तशी काढून ठेवली मी, दीड वाजता."

वृषालीने दातात किल्ली धरली, फोन काढला आणि पडद्यावरची हिरवी खूण मावशींना दाखवली. 'सर्व ठीक.' किल्ली पुन्हा हातात घेत ती म्हणाली, "बघा. यंत्रच सांगतंय."

"असेल बाई," म्हणून मावशींनी डबीचं झाकण लावलं.

त्या 'असेल बाई'त वृषालीला तेव्हा फक्त चौथी शिकलेल्या बाईचं अडाणीपण ऐकू आलं. ती स्वतः बी.एस्सी. होती, फिजिक्सची. क्लासमध्ये अकरावीच्या मुलांना उष्णतेचा धडा शिकवायची. सव्वीस वर्षं दुसऱ्यांची पोरं सांभाळलेल्या बाईच्या तळहाताला ताप कळतो, हे काही त्या धड्यात नव्हतं.

पुढे तेरा महिने गेले. तेरा महिन्यांचा हिशेब वृषालीने नंतर कितीदा केला, आणि प्रत्येक वेळी तिची कानशिलं तापली.

*

जुई जन्मतः बहिरी. दीड वर्षाची असताना तिच्या कानाच्या आतल्या शंखात एक केसाएवढी बारीक तार बसवली. बाहेर कानामागे भुईमुगाच्या जोडशेंगेएवढं यंत्र. ते आवाज टिपतं, त्याचे विजेचे ठोके करतं आणि डोक्याच्या कातडीवर लोहचुंबकाने चिकटलेल्या छोट्या गोल तुकड्यातून आतल्या तारेकडे पाठवतं. हे एवढं तर जुनंच. पण गेल्या काही वर्षांत आलेल्या यंत्रांत शिकणारी चकती, म्हणजे चिप, होती. घरातला मिक्सर कुठला, कुकरची शिट्टी कुठली आणि आईचा आवाज कुठला, हे ती वापरता वापरता शिकत जायची. मिक्सर दाबायची, आई उचलून धरायची.

त्यात आणखी एक सोय होती. अशी दोन यंत्रं एका खोलीत आली की एकमेकांना शिकलेलं सांगायची. या वर्गात पंखा कुरकुरतो, त्या भिंतीपलीकडे लेथ मशीन आहे, असं. म्हणजे नव्या मुलाच्या यंत्राला पहिल्यापासून शिकायला नको. मेहरूणकडच्या रस्त्यावर अशा मुलांचा एक वर्ग भरायचा, तेवीस मुलांचा. सकाळी सगळी सतरंजीवर बसली की यंत्रांची आपापसात कुजबुज सुरू व्हायची, कोणाला ऐकू न येणारी.

वर्गातल्या आया यंत्राला यंत्र म्हणत नसत. 'कान' म्हणत. "कान चार्जिंगला लावला का?" "आज कान घरीच राहिला गं."

आणि या आयांनी एक रीत पाडली होती. नवं बाळ झालं की त्याला पहिलं झबलं दुकानातलं घालत नाहीत. एखाद्या धडधाकट मुलाचं वापरलेलं, मऊ झालेलं झबलं मागून आणतात, म्हणजे बाळ त्या मुलासारखं वाढतं. तसंच वर्गातलं एखादं मूल चुरूचुरू बोलायला लागलं, त्याला मोठं यंत्र मिळालं, की त्याचा जुना कान लहान मुलाला द्यायचा. गुळाचा खडा, खण आणि उतरलेला कान.

कागदावर लिहिलेलं असायचं: दुसऱ्या मुलाला देण्यापूर्वी यंत्राची स्मृती पूर्ण पुसा. पण ते कोणी करत नसे. पुसलं तर त्या मुलाचं शिकलेलं गेलं की! मग उरलं काय, प्लास्टिक? मेघना सरोदेने भुसावळहून येऊन तिच्या वेदश्रीचा कान जुईच्या ओटीत घातला, तेव्हा हसून म्हणाली होती, "पुसू नकोस हं. आमची वेदू गोष्टी सांगते, तशी तुझीही सांगेल." वृषालीने, फिजिक्सच्या वृषालीने, पुसला नाही. उलट महिन्याभराने जुईचा आधीचा पिवळा कान तिनेही तसाच, न पुसता, गुळाच्या खड्यासकट एका बाईला दिला होता.

*

वृषालीकडे एक वही होती. जुईने नवा शब्द उच्चारला की तारीख घालून लिहायची. उतरलेला कान लागला तेव्हा वहीत एक्केचाळीस शब्द होते. वर्गातली बाकीची मुलं वर्षभरात दोनशे-तीनशेवर गेली. जुई अठ्ठावन्नवर अडली. मग वृषालीला मागची पानं उलटून काही शब्दांवर बारीक काट मारावी लागली. 'भाकर' गेला. 'ये ना' गेला. 'आई' होता, पण जुई तो आईच्या तोंडाकडे बघून म्हणायची, पाठमोरी असली की नाही.

बॅटरी आधी सकाळी सातपासून रात्री जेवणापर्यंत टिकायची. आता पाचलाच मान टाकायची. कधीकधी जुई खेळताना मध्येच दचकून डोक्याला हात लावायची, जणू कोणी दिवा घालवून पुन्हा लावला. अॅप म्हणायचं, सर्व ठीक.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी वही बाजूला सारली. "घरी मोबाईल किती वेळ बघते ही?"

"अजिबात नाही."

"तुम्ही किती बघता?"

तपासणीसाठी काचेच्या खोलीत बसवलं. पेटीतून टुंई असा आवाज आला की ठोकळा टोपलीत टाकायचा. जुईने दहापैकी दहा टाकले. प्रत्येक वेळी जरा उशिरा टाकला, पण मूल आहे, वेळ लागतोच, म्हणून तपासनीस थांबायचे. कागदावर छापून आलं, श्रवण उत्तम. खाली पेनने: लक्ष कमी. आईला समुपदेशनाची गरज.

तो कागद वाचून वृषालीच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिला तो चुरगळून कोणाच्या तरी अंगावर फेकावासा वाटला. कोणाच्या, ते तेव्हा माहीत नव्हतं.

घरी भूषण, तिचा नवरा, चटईच्या कारखान्यातून दमून यायचा. जुईला पाठीवर घेऊन घोडा व्हायचा आणि म्हणायचा, "हसतेय, खेळतेय. तू पोरीकडे बघतेस का तिची परीक्षा घेतेस?"

"चार वर्षांपर्यंत डोक्यात भाषेचे धागे पटापट जुळतात. नंतर एकेक धागा ओढून आणावा लागतो. तीन महिने उरलेत भूषण."

"मग? घड्याळ थांबवू का?"

तो वाईट नव्हता. तो फक्त घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस विनोद करतो.

*

मेच्या मध्यावर क्लास लवकर सुटला आणि वृषाली साडेतीनलाच पाळणाघरात पोचली. ओसरीवर नऊ-दहा पोरं गोल करून, तळवे फरशीला टेकवून बसली होती. मावशी मधोमध.

"चिमणी उड!"

सगळी बोटं वर. जुईचं नाही.

"टेबल उड!"

सगळे तळवे खाली. जुईचं बोट ताठ वर.

"जुई बाद! जुईनं टेबल उडवलं!" पोरं लोळायला लागली. जुईही हसली, सगळ्यांचं हसून झाल्यावर.

वृषाली पुढे होऊन तिला उचलणार, एवढ्यात मावशींनी हाताने थांब म्हटलं. "तू उभी राहा वं तिथे. नुसतं बघ. मी रोज बघते."

"पोपट उड!" जुईचा तळवा खाली. "घागर उड!" बोट वर. "कावळा उड!" खाली. "म्हैस उड!" वर.

पोरांच्या हसण्यात वृषाली थिजून उभी राहिली. टेबल, घागर, म्हैस. त्यांच्या आधी काय होतं? चिमणी, पोपट, कावळा.

जुईचं एकही उत्तर चुकलेलं नव्हतं. प्रत्येक उत्तर बरोबर होतं, फक्त मागच्या प्रश्नाचं.

"चुकत नाही ती," मावशी म्हणाल्या. "तिला उशिरा पोचतंय. पोस्टाची मनीऑर्डर यायची ना आमच्या वेळी, तसं."

म्हणजे आईचे ओठ 'ये' म्हणत हलतात तेव्हा पोरीच्या कानात काहीच नसतं, आणि 'ये' पोचतो तेव्हा ओठ मिटलेले असतात. ओठ एकाचे, आवाज दुसऱ्याचा. त्या बिचाऱ्या मेंदूने कशाला काय जोडायचं?

आणि त्या क्षणी वृषालीला कॉलेजच्या संगणक खोलीतले गवळीसर आठवले. सर कसले, खोलीची किल्ली सांभाळणारे. कपाळावर गंध, हातात फडकं. एकदा एका बंद पडद्याच्या संगणकाला कान लावून म्हणाले होते, "पोरींनो, विनाकारण हळू चालतंय, कोणी हात लावला नाही तरी गरम आहे, पंखा ओरडतोय, आणि विचारलं तर म्हणतंय मी बरा आहे. समोर कोणी बसलेलं दिसत नाही ना? मग नक्की कोणीतरी आत बसलंय."

उशीर. ताप. पाचलाच संपणारी बॅटरी. मध्येच विझून पुन्हा लागणं. आणि वर हिरवी खूण. ती खूण यंत्रालाच विचारून लावली जायची. घरात चोर आहे का, हे चोरालाच विचारल्यासारखं.

"मावशी," ती म्हणाली, "मागच्या एप्रिलमध्ये तुम्ही मला डबी दाखवली होती."

मावशींनी नुसती मान हलवली. 'सांगितलं होतं ना' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर वृषालीला सोपं गेलं असतं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने क्लासमधले दोन लांब थर्मामीटर आणले. यंत्रं सुकी राहावीत म्हणून ठेवायच्या दोन सारख्या डब्या घेतल्या. एकीत जुईचा कान, बंद करून. दुसरीत वर्गाच्या खणातला एक मेलेला कान. दोन्ही मावशींच्या त्याच कपाटात, एकाच फळीवर.

खोलीचं तापमान सदतीस. तासाभराने मेलेल्या कानाच्या डबीत सदतीस. जुईच्या डबीत त्रेचाळीस.

मग तिने जुईच्या कानाची बॅटरी उपसून काढली. अर्ध्या तासात पारा सदतीसवर उतरला. बॅटरी घातली, बटण बंदच ठेवलं. पारा पुन्हा चढायला लागला.

तिने थर्मामीटरचे फोटो काढले, भूषणला पाठवले. लगेच त्याचा फोन आला. कारखान्याचा खडखडाट मागे होता, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "म्हणजे आपली पोरगी..."

"पोरगी ठीक आहे. पोरगी पहिल्यापासून ठीक होती."

*

कंपनीच्या मदत क्रमांकावर आधी एक गोड आवाजाची मुलगी भेटली. "मॅडम, तुमच्याकडे ऊन किती असतं ना! थंड जागी ठेवून बघा."

"शेजारच्या डबीला ऊन लागलं नाही का?"

मुलीने तिला दुसऱ्याकडे जोडलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. तिसरा म्हणाला, यंत्राच्या क्रमांकावर नाव वेदश्री सरोदे आहे, तुम्ही कोण? हे तर वापरलेलं घेतलंय तुम्ही. हमी संपली. तिसऱ्या दिवशी सकाळी निनाद नावाचा एक तरुण अभियंता पडद्यावर आला. मागे पांढरी भिंत, गळ्यात ओळखपत्र. त्याने आकडे ऐकले, फोटो पाहिले आणि तिला धीर द्यायच्या भल्या हेतूने म्हणाला, "मॅडम, टेन्शन घेऊ नका. हे काही फक्त तुमच्याकडेच नाहीये."

वृषालीच्या हातातलं पेन थांबलं. "मग अजून कोणाकडे आहे?"

जीभ चावल्याचं पडद्यावरही दिसतं.

"निनाद, तुम्हाला बहीण आहे?"

"आहे. का?"

"तिच्या बाळाच्या कानात हे असतं तर तिला सांगितलं असतं का?"

त्याने मागे वळून पाहिलं, दार लावून आला आणि हळू आवाजात सांगायला लागला. यंत्रं एकमेकांशी जिथून कुजबुजतात त्याच दारातून एक परका प्रोग्रॅम शिरतो, एकाचा दुसऱ्याला, सर्दीसारखा. तो काही ऐकत नाही, काही चोरत नाही. तो चकती वापरतो. कुठे तरी कोणाला अवाढव्य गणितं करायची आहेत, कुलपं फोडायची असतील, देव जाणे. त्याचे बारीक तुकडे करून तो अशा हजारो चिमुकल्या यंत्रांकडून करून घेतो. आधी फक्त यंत्र झोपलेलं असताना. मग हाव वाढते आणि जागेपणीही; जुन्या, मंद यंत्रात ते आधी जाणवतं, नव्यांत अजून लक्षातही येत नाही. उरलेल्या वेळात चकती मुलाचं काम करते, म्हणून आवाज उशिरा पोचतो.

"म्हणजे माझ्या पोरीच्या कानात बसून कोणीतरी स्वतःचं दळण दळत होतं. पावणेचार वर्षांच्या पोरीला वेठीला धरून."

"तसं... म्हणता येईल."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या तक्रारी दीड वर्षापूर्वी आल्या. पण या मॉडेलचा सुरक्षेचा आधार आम्ही त्याआधीच बंद केला होता, मॅडम. जाहीर केलं असतं तर पालक घाबरले असते."

"उपाय काय?"

"स्मृती पूर्ण पुसायची. बॅटरी काढायची, दोन्ही बटणं दाबून धरून परत घालायची, आणि धरून ठेवायचं. सात मिनिटं."

"किती?"

"सात मिनिटं."

वृषालीने पडद्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं, शस्त्रक्रिया म्हणतील. परदेशी पाठवा म्हणतील. सात मिनिटं! कुकरला वरण लावून होतं तेवढी. एका कागदावर चार ओळी छापून पाठवल्या असत्या, तरी तिच्या वहीतले नऊ शब्द खोडले गेले नसते. आणि त्यांनी काय पाठवलं? आईला समुपदेशनाची गरज.

"पालक घाबरले असते," ती म्हणाली, "असं नाही हो. पालक रागावले असते. घाबरला होतात तुम्ही."

निनादने गळ्यातलं ओळखपत्र उलटं केलं. मग म्हणाला, "अजून एक. तुमचं एकच यंत्र पुसून उपयोग नाही. वर्गातली सगळी एकाच वेळी पुसा. एक जरी राहिलं तरी दुपारपर्यंत सगळी पुन्हा..."

*

शनिवारी सकाळी दहाला वर्गाच्या सतरंजीवर तेवीस आया बसल्या, भुसावळहून मेघनाही वेदश्रीला घेऊन आली होती. वृषालीने थर्मामीटरची गोष्ट सांगितली, चिमणी उडची सांगितली. निम्म्याजणी ऐकता ऐकताच आपापल्या मुलाच्या कानामागे हात लावायला लागल्या. मग तिने पुसायचं म्हटलं आणि सतरंजीवर ठिणगी पडली.

"पुसलं तर दोन-तीन महिने मागे जाईल पोर! माझ्याने नाही होणार."

"माझा मयूर आत्ता कुठे 'पाणी' म्हणतोय."

मेघना उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. "सरळ सांग ना वृषाली. आम्ही रोग दिला असं म्हणायचंय तुला. गूळ घालून दिला होता मी. ओटीत."

"मी असं म्हटलंच नाही."

"मग काय म्हटलंस? वेदूचं शिकलेलं घाण आहे, धुऊन टाका?"

वृषालीकडे पारा होता, आकडे होते, आणि मेघनाच्या डोळ्यांपुढे ते काही कामाचे नव्हते. मागे भिंतीला टेकून बसलेल्या द्वारकामावशी, ज्यांना वृषालीने मुद्दाम बोलावलं होतं, तिथूनच म्हणाल्या,

"काय वं मेघना, तुझ्या वेदूला पहिलं झबलं कुणाचं घातलं होतंस?"

"माझ्या नणंदेच्या मुलाचं."

"आणलं तसंच घातलं?"

"नाही... धुऊन, उन्हात वाळवून..."

"मग नणंद रुसली का?"

कोणीतरी फिसकन हसलं. मेघनाने ओठ दाबले, पण कोपरा हललाच. मावशी म्हणाल्या, "आशीर्वाद पाण्याने जात नसतो वं माय. मळ जातो."

मेघना खाली बसली. वेदश्रीला मांडीवर ओढून तिने सगळ्यांत आधी तिच्या कानाला हात घातला.

अकराला वृषालीने 'आता' म्हटलं. तेवीस बॅटऱ्या निघाल्या, वेदश्रीची चोविसावी. दोन्ही बटणं दाबून धरलेली चोवीस आयांची बोटं पांढरी पडली. खोलीतली चोवीस मुलं एकाच क्षणी बहिरी झाली. कोणी आईचा पदर ओढला, कोणी तिच्या गालाला धरून तोंड आपल्याकडे वळवलं. बोलू शकत असलेल्या सगळ्या बायका गप्प होत्या आणि घड्याळाचा काटा वाजत होता. तो फक्त त्यांनाच ऐकू येत होता. मयूरच्या आईचा अंगठा थरथरायला लागला तेव्हा शेजारणीने आपला अंगठा वरून दाबला. सात मिनिटं एवढी लांब असतात, हे त्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं.

कान परत लागले तसा आकांत झाला. धुतलेला कान सगळंच सारख्या मोठ्याने ऐकवतो, पंखा, खुर्ची, रडणं, सगळं. जुईने दोन्ही हात डोक्यावर घट्ट धरले आणि अंग टाकून रडली. वृषाली तिला घेऊन बाहेर कडुनिंबाखाली गेली. बराच वेळ नुसती डोलत राहिली. मग पोर शांत झाल्यावर समोर बसवलं, तळवे जमिनीला टेकवले.

"म्हैस उड."

तळवे खाली. यावरून काही कळत नाही. कालपर्यंत पहिल्या हाकेला तळवे खालीच असायचे.

"चिमणी उड."

जुईचं बोट वर गेलं. त्याच चिमणीला.

वृषालीने 'टेबल' म्हटलंच नाही. तिला म्हणता येईना.

*

त्या संध्याकाळी भूषणने यादी करून सगळ्यांना फोन लावून डब्या तपासायला सांगितल्या. तेवीसच्या तेवीस थंड. वेदश्रीची थंड. त्याने यादीखाली रेघ मारली आणि म्हणाला, "झालं."

वृषाली यादीकडे बघत होती. "नाही झालं. पिवळा राहिला."

जुईचा पहिला कान, पिवळा. उतरलेला कान आल्यावर महिनाभर दोन्ही एकाच डबीत, शेजारी शेजारी होते. कुजबुजत. आणि मग मागच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, मावशींनी डबी पुढे केली त्याच आठवड्यात, रावेरच्या तपासणी शिबिरात तिने तो अरुणा नावाच्या एका बाईच्या हातात ठेवला होता. अरुणाचा नवरा केळीच्या ट्रकवर. मांडीवर दीड वर्षाचा देवू, नुकतीच तार बसवलेला. "पुसू नका हं," वृषालीने तिला बजावून सांगितलं होतं. "आमच्या जुईचं शिकलेलं आहे त्यात."

त्या दिवशी हात लावला असता तर.

अरुणाने दिलेला नंबर बंद होता. रावेरच्या खोलीवर दुसरे भाडेकरू होते. ट्रकवाले काय, जिकडे माल तिकडे. वृषालीने कंपनीला पत्र लिहिलं, त्या यंत्राचा क्रमांक दिला, ते शेवटी कुठे जोडलं गेलं तेवढं सांगा म्हणून. उत्तर आलं: ग्राहकांची माहिती गोपनीय असते. आम्हा आयांना मूर्ख ठरवताना कोणाचं काय गोपनीय होतं, हे तिने उलट टपाली विचारलं. त्याला उत्तर आलं नाही.

तेव्हा तिने वहीचं कोरं पान फाडलं आणि स्वतःच लिहिलं. भूषणने त्याच्या प्रती काढल्या, केळीच्या ट्रकवाल्यांना वाटल्या, धाब्यांवर लावल्या, सगळ्या गटांवर पाठवल्या. ज्याच्या हाती पडेल त्याने वाचावं म्हणून.

'मुलाचं नाव देवू. आता अडीच-पावणेतीन वर्षांचा असेल. आईचं नाव अरुणा, हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके. उजव्या कानामागे पिवळं यंत्र, त्यावर हत्तीचं चित्र चिकटवलेलं, सोंड निघालेली. ती सोंड माझ्या मुलीने खरवडलीय.

असा मुलगा तुमच्या गावात, मंडईत, तोलकाट्यावर, शेजारच्या खोलीत दिसेल. लोक म्हणत असतील, याचं लक्ष नसतं. म्हणत असतील, मंद आहे, आई लक्ष देत नाही. तुम्ही म्हणू नका. त्याला मागून हाक मारा आणि मनात शांतपणे एक म्हणा. एक म्हणून झाल्यावर त्याने मान वळवली, तर ते यंत्र काढून, बंद करून सावलीत ठेवायला सांगा. अर्ध्या तासाने त्यावर तळहात ठेवा.

गरम लागलं तर अरुणाला सांगा, तुझं पोर चुकत नाही, त्याला उशिरा पोचतंय. खाली कसं पुसायचं ते लिहिलंय. सात मिनिटं लागतात. तिचा अंगठा दुखेल, तेव्हा तुमचा वर ठेवा.

मला एकदा कोणीतरी सांगितलं होतं, हात लावून बघ. मी नाही लावला. तुम्ही लावा. आजच बघा.'